तापाचे चिनी शब्द: निघण्याआधी एवढे पाठ कर

पोरी, चीनला डॉक्टरकी शिकायला निघाली आहेस, तर तापाचे शब्द पहिल्याच महिन्यात तोंडात बसव. अंग फणफणलं की नवी शिकलेली भाषा सगळ्यात आधी पळते. म्हणून सुटे शब्द घोकू नकोस, अख्खं वाक्य घोक: ‘वो फा-शाओ ल’, म्हणजे मला ताप आलाय. ‘वो फा-शाओ ल्यांग थ्येन ल’ म्हटलंस की दोन दिवस झाले. फा आणि शाओ दोन्ही तानपुऱ्याच्या वरच्या सासारखे सरळ धरायचे.

‘वो हन रअ’ म्हणालीस तर तुला उकडतंय एवढंच कळेल आणि कुणीतरी खिडकी उघडून देईल. चहाचा पेला हाताला चटका देतो तेव्हा शब्द थांग, सूर वरून एकदम खाली. तोच थांग सपाट ठेवलास तर सूप, चढवलास तर साखर.

उच्चार वहीत देवनागरीतच लिही, हे मी आग्रहाने सांगते. रोमन लिपीत ‘डी’ दिसतो म्हणून मुलं ‘दू’ वाचतात, खरा उच्चार आपल्या ‘तू’च्या जवळचा. त-थ, प-फ यांतला फरक आपल्या जिभेला लहानपणापासून येतो. तो वाया का घालवायचा?

हा तू म्हणजे अंश. आपण घरी ‘एकशे एक ताप’ म्हणतो, तिथे सगळं सेल्सिअसमध्ये चालतं. १०१ म्हणजे ३८.३ आणि १०४ म्हणजे ४०, हे पाठच असू दे. ३८.५ सांगायचं तर ‘सान-श्र-पा तू वू’.

बोलताना फा-शाओ, पण रुग्णालयाच्या पाटीवर ‘फा-रअ मन-चन’ असतं, म्हणजे तापाची ओपीडी. २००३ च्या सार्सनंतर मोठ्या रुग्णालयांत ती वेगळी काढली गेली. पाटीवर रअ शोधताना अक्षराच्या तळाचे चार ठिपके बघ, ते आगीचंच रूप. शाओमध्ये तीच आग डावीकडे उभी असते.

वुहान, चुंगछिंगकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. ऊन लागलं तर ‘चोंग-शू’, आणि माणूस बरळायला लागला तर लगेच रुग्णवाहिकेसाठी १२० फिरव.

तोंड आलं, घसा धरला, पुटकुळ्या उठल्या की शेजारपाजारचे ‘शांग-ह्वो’ म्हणतील. आपल्याकडे ‘उष्णता झालीय’ म्हणतात, तेच. लिची कमी खा सांगतील, मुगाचं सूप देतील. ते आनंदाने घे, मायेनेच देतात. क्वांगचौत ल्यांग-छा नावाचा कडू काढाही मिळेल. मात्र थर्मामीटरवर ३८ च्या वर दिसलं, तर कुणी कितीही शांग-ह्वो म्हणो, तू फा-रअ मन-चनच गाठ.