'बिझू'चे वारसदार

प्रश्न : नवराबायकोला मोडकळीला आलेलं थिएटर वारशात मिळतं, तो जुना ब्रिटिश चित्रपट कोणता?

उत्तर : बेसिल डिअरडन यांचा 'द स्मॉलेस्ट शो ऑन अर्थ' (१९५७). शेजारून आगगाडी गेली की त्यांचं हे 'बिझू' थिएटर हादरतं. प्रतिस्पर्धी 'ग्रँड' थिएटरच्या मालकाला 'बिझू'च्या जागी वाहनतळ हवाय. भाव चढावा म्हणून जोडपं थिएटर पुन्हा चालवायचं सोंग आणतं. वाळवंटाचा सिनेमा लावून हीटर वाढवायचा, घामाघूम प्रेक्षकांना आइसकांडी विकायची, ही त्यांची शक्कल फर्मास!

खरा जीव मात्र तिथल्या तीन जुन्या नोकरांत आहे. पीटर सेलर्स तेव्हा जेमतेम तिशीचे, तरी त्यांचा म्हातारा प्रोजेक्टर ऑपरेटर अस्सल वाटतो. रात्री रिकाम्या थिएटरात हे तिघे मूकपट पाहतात आणि त्यांच्यातल्याच मार्गारेट रदरफर्ड पियानोची साथ देतात, तो प्रसंग चुकवू नये.

नायक-नायिका बिल ट्रॅव्हर्स आणि व्हर्जिनिया मॅकेना चित्रपट आला त्याच वर्षी विवाहबद्ध झाले.