अर्जातील चूक आणि तिचे उत्तर
संगणक-आज्ञावलीत माहितीची पडताळणी कशी व्हावी?

शिष्यवृत्ती, पीकविमा, विविध दाखले यांसाठीचे अर्ज आता मोठ्या प्रमाणावर संगणकावरून भरले जातात. पूर्वी खिडकीवरील कारकून अर्ज चाळून ‘येथे सही राहिली आहे’, ‘उत्पन्नाचा दाखला जुना आहे’ असे सांगे आणि अर्जदार तेथल्या तेथे दुरुस्ती करी. संगणकाच्या पडद्यावर मात्र पुष्कळदा ‘अर्ज अवैध’ एवढेच दोन शब्द उमटतात. मुदतीचा अखेरचा दिवस असेल, तर या दोन शब्दांपायी विद्यार्थ्याची वर्षाची शिष्यवृत्ती बुडू शकते. म्हणून चूक पकडणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती अर्जदाराला समजेल अशा रीतीने सांगणेही महत्त्वाचे आहे.

तीन थर, तीन कामे

अशा आज्ञावलीची रचना सामान्यतः तीन थरांची असते. पहिला थर म्हणजे अर्जदारासमोरील पडदा, दुसरा योजनेच्या नियमांचा आणि तिसरा माहिती साठविणारा. प्रत्येक थराला जे ठाऊक असते, तेच त्याने तपासावे, हे यातील मुख्य तत्त्व होय.

आधार क्रमांकाचे उदाहरण घेऊ. हा क्रमांक १२ अंकी असून त्याचा शेवटचा अंक डच गणिती फेरहूफ यांच्या पद्धतीने आधीच्या ११ अंकांवरून काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, तर पडद्यावरच ते कळते. त्यासाठी कोणालाही विचारावे लागत नाही. परंतु हा क्रमांक त्याच व्यक्तीचा आहे काय, हे मात्र या गणिताने सिद्ध होत नाही.

बँकेच्या आयएफएससी संकेताचेही तसेच आहे. त्यात ११ चिन्हे असतात: पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह शून्य आणि उरलेली सहा शाखेची. एवढे पाहणे पहिल्या थराला जमते. पण १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक व विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि त्यांचे जुने संकेत १ मार्च २०२१ पासून बंद झाले. जुन्या पासबुकावरून उतरवलेला संकेत आकाराने निर्दोष दिसतो, म्हणून पहिला थर तो स्वीकारतो. तो बंद झाल्याचे चालू संकेतांची यादी बाळगणाऱ्या दुसऱ्या थरालाच कळते. एकाच योजनेसाठी त्याच व्यक्तीचे दोन अर्ज एकाच क्षणी आले, तर ते रोखण्याची खात्रीशीर जागा तिसरा थर ही होय.

पडद्यावरील तपासणी चुकवूनही माहिती पुढे पाठविता येते. त्यामुळे पहिल्या थराने तपासलेले दुसऱ्याने पुन्हा तपासणे आवश्यक ठरते. पडद्यावरील तपासणी अर्जदाराच्या सोयीसाठी असते, तर आतील तपासणी योजनेच्या रक्षणासाठी असते.

चूक वर कशी पोहोचावी?

दुबार नोंद आढळल्यास पोस्टग्रेस ही माहितीसाठा प्रणाली ‘२३५०५’ हा संकेत देते. तो जसाच्या तसा पडद्यावर दाखविला, तर अर्जदाराला काही उमगत नाही आणि आतील रचना मात्र उघड होते. तो गिळून टाकला, तर काय चुकले हे कोणालाच कळत नाही. मधल्या थराने त्याचे भाषांतर करावे. कोणता रकाना, कोणता नियम आणि आता काय करावे, या तीन गोष्टी उत्तरात असाव्यात. उदाहरणार्थ: ‘आपण भरलेला आयएफएससी संकेत देना बँकेचा असून तो बंद झाला आहे. बँक ऑफ बडोदाच्या चालू पासबुकावरील संकेत व खाते क्रमांक भरावा.’

सर्व चुका एकदम दाखवाव्यात. एक दुरुस्त केल्यावर दुसरी, असे हेलपाटे घालायला लावू नयेत. बरोबर भरलेले रकाने पुसले जाऊ नयेत. अर्जदाराची चूक आणि यंत्रणेचा बिघाड यांतही स्पष्ट भेद हवा. इंटरनेटच्या संकेतप्रणालीत पहिल्या प्रकारासाठी ४०० पासूनचे आणि दुसऱ्यासाठी ५०० पासूनचे क्रमांक ठरलेले आहेत. सर्व्हर बंद असताना ‘आपली माहिती चुकीची आहे’ असे सांगणे म्हणजे निर्दोष अर्जदारावर दोष ठेवणे होय.

नोंदवहीचा उपयोग

प्रत्येक नाकारलेल्या नोंदीची वेळ, रकाना व नियम आतील नोंदवहीत टिपून ठेवावा. आधार क्रमांकासारखी खाजगी माहिती मात्र तीत उतरवू नये. एकाच नियमाने शेकडो अर्ज अडत असतील, तर दोष बहुधा नियमाच्या मांडणीत असतो. आडनावाचा रकाना सक्तीचा केला, तर आडनाव न लावणारी व्यक्ती खरी माहिती भरूनही अडते. अशा वेळी सुधारणा आज्ञावलीत व्हावयास हवी.

माहितीची कडक तपासणी झाली, तर योग्य रक्कम योग्य खात्यात जाते. त्या तपासणीला स्पष्ट उत्तराची जोड मिळाली, तर पात्र अर्जदार केवळ एका अंकापायी वंचित राहत नाही. खिडकीवरील जाणता कारकून हे दोन्ही साधत असे; नव्या आज्ञावलीकडूनही तीच अपेक्षा ठेवावयास हवी.