आटत्या तळ्याकाठची सहल आणि पिण्याचे पाणी

पावसाळा कोरडा गेला की आपल्या नांदेड-लातूरकडची तळी हिवाळ्यातच तळ दाखवू लागतात. याच दिवसांत विहारांतून, महिला मंडळांतून एका दिवसाच्या सहली निघतात. कोणी कंधारला जगत्तुंग समुद्राकडे जातात, कोणी उदगीरजवळच्या हत्तीबेटावर चढतात. सहल जरूर काढावी. आम्ही येथे फक्त पाण्याविषयी सांगणार आहोत.

थंडीत तहान कमी लागते, पण कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो आणि शरीरातले पाणी जातच राहते. अर्ध्या दिवसाच्या चालीला माणशी दोन लिटर पाणी घरूनच घ्यावे व तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे. आपल्या भगिनी वाटेत आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग डोके दुखते, लघवीला जळजळ होते. हा दोष त्यांचा नाही. स्वच्छतागृह कुठे आहे हे सहल ठरवणाऱ्यांनी आधीच पाहून ठेवावे.

तळ्याचे पाणी मात्र पिऊ नये. पाणी कमी झाले की घाण तेवढीच राहते आणि दाट होते. काठच्या गाळपेरीवर फवारलेले औषधही त्यातच उतरते. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा थर दिसला तर ते शेवाळ विषारी असू शकते. उकळल्याने जंतू मरतात, हे विष जात नाही. जनावरांनाही तेथे पाजू नये. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तो माणूस म्हणून हक्काचा लढा होता. त्या आठवणीने कोणी अशा तळ्यात ओंजळ घालत असेल, तर त्याला प्रेमाने थांबवावे.

भिक्खूंच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र असते. पाण्यातल्या जीवांची हिंसा होऊ नये, हा त्यामागचा विचार. फडक्याने गाळल्यामुळे नारूही टळत असे. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पण कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे जंतू फडक्यातून सहज जातात. घरून नेलेले पाणी संपले आणि वाटेतल्या हातपंपाचे घ्यावे लागले, तर ते गाळून, खळखळून उकळून मगच प्यावे. आमच्या मते दोन कॅन जास्तीचे नेणे त्याहून सोपे.

आटलेल्या तळ्याचा गाळ वरून भेगाळलेला, आतून ओला असतो. मुलांना त्यावर जाऊ देऊ नये.

परतल्यावर कोणाला जुलाब सुरू झाले तर लगेच जलसंजीवनी द्यावी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. विष्ठेत रक्त, सतत उलट्या किंवा लघवी बंद, यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.