सरकते दार आणि लहानग्यांची बोटे



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका घरात अडीच वर्षांच्या मुलीचे बोट मोरीच्या सरकत्या दारात सापडले. खोली दहा बाय बाराची. मोरीला नेहमीचे दार लावले तर ते पलंगाला आपटते, म्हणून सुताराने प्लायचे सरकते दार बसवून दिले होते. पावसात प्लाय फुगले. दोनदा ओढूनही दार हलेना. आईने तिसऱ्यांदा जोर लावला आणि दार एकदम सुटून धाडकन चौकटीवर आले. मुलगी आईच्या मागोमाग येऊन चौकट धरून उभी होती. मधल्या बोटाचे नख उखडले, टोकाचे हाड मोडले.

बोट वाचले. पण त्या आईला जे ऐकावे लागले ते आम्हाला विसरता येत नाही. घरचे म्हणाले, "लक्ष कुठं होतं तुझं?" शेजारी म्हणाले, "पोरीचं नशीबच तसं." आरोग्याचे काम पाहणाऱ्या आम्ही चौघीजणी पुढच्या आठवड्यात त्या घरी गेलो, पण आईला जाब विचारायला नव्हे, दार पाहायला. दाराला स्टॉपर नव्हता. मूठ अगदी कडेला होती. रूळ मातीने आणि साबणाच्या मळाने भरलेला होता, त्यामुळे दार अडायचे आणि सुटले की झटक्याने यायचे. आईचे लक्ष होते, पण ते अडलेल्या दारावर होते. तिथे कोणीही असते तरी हेच झाले असते.

नशीब म्हटले की शोध संपतो. कारण शोधले तर ते दूर करता येते, आणि या बाबतीत ते बहुतेक वेळा थोड्या पैशांत दूर होते. म्हणून या अंकात सरकत्या दारांविषयी.

लहान मूलच का सापडते?

एक ते चार वर्षांचे मूल आधारासाठी जी कड दिसेल ती धरते. दाराची कड, चौकट, खालचा रूळ, या सगळ्या त्याच्या हाताच्या उंचीवर असतात. मोठ्या माणसाची नजर मुठीवर असते आणि मुलाचा हात आपल्या गुडघ्यापाशी असतो. शिवाय नेहमीचे दार फिरत येते, ते येताना दिसते. सरकते दार भिंतीला लागून येते, मुलाला ते येतेय हे कळतच नाही. कळले तरी हात काढून घ्यायला लागणारी चपळाई त्या वयात नसते.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते. आई-वडील कामाला गेले की सात-आठ वर्षांची ताई किंवा दादा धाकट्याला सांभाळतो. खेळता खेळता तोच दार ढकलतो. त्याला रागावून उपयोग नाही, त्याला शिकवावे लागते.

दार तपासण्याच्या पाच जागा

दारासमोर जमिनीवर बसा, म्हणजे तुमची नजर मुलाच्या उंचीवर येईल. मग दार सावकाश सरकवत या पाच जागा पाहा.

पहिली, दार जिथे चौकटीला मिळते ती कड. सर्वांत जास्त बोटे इथेच सापडतात.

दुसरी, दाराची मागची बाजू. दार पूर्ण उघडले की मूठ मागच्या चौकटीला किंवा भिंतीला जाऊन भिडते. ही जागा आपण विसरतो, कारण आपल्या मनात दार बंद करतानाच धोका असतो. उघडतानाही तेवढाच असतो.

तिसरी, दोन काचा एकमेकींवरून जातात ती जागा. तिथे बोट कात्रीसारखे सापडते.

चौथी, खालचा रूळ. अनवाणी पायाचा अंगठा आणि टाच इथे सापडते. रांगते मूल रुळात बोटेही घालते.

पाचवी, वरचा रूळ. दार वर टांगलेले असेल तर रुळाच्या दोन्ही टोकांना अडसर आहे का, स्क्रू ढिले आहेत का, हे स्टुलावर चढून पाहा. टोकाचा अडसर निघालेला असेल तर दार रुळाबाहेर जाऊन अंगावर पडू शकते.

घरच्या घरी उपाय

जुन्या हवाई चपलेचा जाड तळ घ्या. हाताच्या पंजाएवढा तुकडा कापा आणि त्याला दाराच्या जाडीएवढी खाच पाडा. हा तुकडा दाराच्या पुढच्या कडेवर, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, घट्ट बसवा. आता दार कितीही जोराने ढकलले तरी चौकटीपासून चार बोटे अलीकडे थांबेल. अंघोळीच्या वेळी तुकडा काढून खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर परत लावायचा. तो मुलाच्या हाताला लागेल इतका खाली लावू नका. लहान मुले रबर चावतात आणि तुकडा घशात अडकू शकतो.

दार मागे जाऊन मूठ जिथे भिडते, तिथे कायमचा स्टॉपर हवा. लाकडाचा छोटा ठोकळा स्क्रूने बसवला तरी चालतो. दार पूर्ण उघडल्यावर मूठ आणि चौकट यांत चार बोटे अंतर राहिले पाहिजे.

सायकलची जुनी ट्यूब उभी कापून तिची दुहेरी पट्टी चौकटीच्या कडेला ठोकली तर दाराचा मार सौम्य होतो. पण त्याने धोका संपत नाही. पट्टी लावली म्हणून स्टॉपर टाळू नका.

रूळ दर आठवड्याला जुन्या दातघासणीने साफ करा. लाकडी रुळावर मेणबत्ती घासली की दार अडत नाही. पावसात प्लाय फुगत असेल तर उन्हाळ्यातच सुताराकडून कड थोडी घासून घ्या आणि कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश द्या, म्हणजे पाणी आत शिरत नाही. जे दार हलके सरकते ते हळू सरकवता येते. जोर लावावा लागतो तिथेच अपघात होतो.

मोरीच्या दाराची आतली कडी मुलाच्या हाताबाहेर, उंच बसवा. मूल आत जाऊन कडी लावते आणि मग घाबरून उघडू शकत नाही. आत पाण्याने भरलेली बादली असते, हे लक्षात घ्या.

घरातला प्रत्येक माणूस एक सवय लावून घेऊ शकतो. दार सरकवण्याआधी मोठ्याने म्हणायचे, "हात वर!" मुलाने दोन्ही हात वर करायचे, मग दार हलवायचे. मुलांना हा खेळ वाटतो. ताई-दादांनाही हाच खेळ शिकवा. मात्र दोन वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर भरवसा ठेवू नका. स्टॉपर हवाच.

सरकती खिडकी

पुनर्वसनाच्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात. वस्तीतल्या तळमजल्याच्या घरातून आपण चौथ्या-सातव्या मजल्यावर जातो, पण सवयी तळमजल्याच्याच राहतात. खिडकीखाली पलंग, पेटी किंवा वॉशिंग मशीन ठेवले की मुलासाठी ती पायरी होते. आधी ते सामान तिथून हलवा.

मच्छरजाळी म्हणजे संरक्षण नव्हे. ती डास अडवते, टेकलेल्या मुलाचे वजन पेलत नाही. लोखंडी ग्रिल हवे आणि त्याच्या दोन गजांमध्ये चार इंचांपेक्षा कमी अंतर हवे. त्यापेक्षा मोठ्या फटीतून लहान मुलाचे अंग निसटू शकते. बाहेर काढलेल्या ग्रिलमध्ये मुलांना खेळायला बसवू नका, गंज आतून खातो आणि दिसत नाही. घराबाहेर पडायला दुसरी वाट नसेल तर ग्रिलचा एक भाग मोठ्यांना आतून उघडता यावा. आग लागल्यास तीच वाट असते.

ग्रिल बसवायला पैसे जमेपर्यंत एक सोपा उपाय करता येतो. खिडकी बंद करा. काच ज्या पन्हळीतून सरकते तिचा मोकळा भाग मोजा. समजा तो २४ इंच आहे. मग २१ इंचांची लाकडी काठी कापून त्या पन्हळीत घट्ट बसवा. काच तीनच इंच उघडेल, हवा येईल, मूल बाहेर जाणार नाही. काठी मुलाला सहज उचलता येणार नाही इतकी घट्ट हवी, पण मोठ्यांना झटकन काढता यावी. हा तात्पुरता उपाय आहे, ग्रिलची जागा तो घेत नाही.

गॅलरीला काचेचे सरकते दार असेल तर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टिकल्यांची किंवा रंगीत चिकटपट्टीची ओळ लावा. स्वच्छ काच धावणाऱ्या मुलाला दिसत नाही. साधी काच फुटली तर तिचे लांब धारदार तुकडे होतात. काचेवर चिकटणारी प्लास्टिक फिल्म लावली तर फुटलेली काच बरीचशी जागेवर धरून राहते.

घराबाहेरची सरकती दारे

सोसायटीचे लोखंडी सरकते गेट मुलांना झोपाळा वाटते. गेट खाली चाकांवर आणि वर दोन खांबांमधल्या रोलरच्या आधाराने उभे असते. रुळाच्या टोकाचा अडसर तुटला किंवा वरचे रोलर निघाले की ते संपूर्ण गेट आडवे पडते. त्याखाली मूल आले तर वाचवायला वेळ मिळत नाही. गेट रुळावरून घसरलेले दिसले तर एकट्याने उचलायला जाऊ नका. ते दोराने किंवा साखळीने खांबाला बांधा, मुलांना दूर ठेवा आणि वेल्डिंगवाल्याला त्याच दिवशी बोलवा. हे एका घराचे काम नाही. कमिटीच्या बैठकीत विषय मांडा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट असेल तर मुलाला कडेवर घ्या किंवा आपल्या आणि मागच्या भिंतीच्या मध्ये उभे करा. चालत्या लिफ्टमध्ये जाळीतून बाहेर गेलेला हात किंवा पाय मजल्याच्या कडेत सापडतो. बाहेरचे दार आणि आतली जाळी यांच्या मधल्या जागेत मूल उभे राहू शकत असेल तर ती लिफ्ट धोक्याची आहे. लहान मुलांना एकटे लिफ्टमध्ये पाठवू नका. महाराष्ट्रात लिफ्टला सरकारी परवाना लागतो, २०१७ चा उद्वाहन कायदा आहे. परवाना आणि तपासणी याबद्दल कमिटीला विचारण्याचा रहिवाशांना हक्क आहे.

शाळेच्या व्हॅनचे सरकते दार जड पत्र्याचे असते. गाडी उतारावर उभी असेल तर ते आपोआप धावते. दार चालकाने किंवा मदतनिसाने लावावे, मुलांनी नव्हे. सगळ्यांचे हात मांडीवर आहेत हे पाहूनच लावावे.

बोट सापडलेच तर

आधी दार उलट दिशेने सरकवा. बोट ओढून काढू नका.

अंगठी, बांगडी, मनगटाचा दोरा लगेच काढा. सूज आली की ते रुततात.

वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम धुवा. स्वच्छ सुती कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरा, मध्ये उघडून पाहू नका. हात छातीच्या वर ठेवा. रक्त नसेल, फक्त मुका मार असेल, तर बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटे लावा.

हळद, चुना, कॉफी, टूथपेस्ट, राख यांतले काहीही लावू नका. जखम बिघडते आणि डॉक्टरांना ती नीट दिसत नाही. रक्त थांबवायला बोटाच्या बुडाशी दोरा आवळू नका.

पुढीलपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठा: नख उखडले किंवा लोंबते आहे, बोट वाकडे दिसते, बोट वाकवता येत नाही, टोक पांढरे किंवा बधिर झाले आहे, जखम खोल आहे, दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नाही. नखाखाली काळे रक्त साचले असेल तर घरी सुई टोचू नका. लसीकरणाचे कार्ड सोबत घ्या, धनुर्वाताच्या लसीसाठी ते लागते.

बोटाचा तुकडा वेगळा झाला असेल तर तो स्वच्छ पाण्याने हलका धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकड्याला थेट बर्फ किंवा पाणी लागू देऊ नका. मूल आणि तुकडा दोन्ही एकत्र, ताबडतोब न्या. डॉक्टर सांगेपर्यंत मुलाला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

गेट किंवा दार अंगावर पडले असेल तर रक्त दिसत नसले तरी रुग्णालयात न्याच. डोक्याला, पोटाला आतून मार लागलेला असू शकतो. मान किंवा पाठ दुखत असेल तर मुलाला हात धरून उचलू नका. १०८ वर फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते.

येत्या रविवारी

घरातली सगळी सरकती दारे-खिडक्या मोजा. प्रत्येकीसमोर जमिनीवर बसून त्या पाच जागा पाहा. एक जुनी हवाई चप्पल कापा. मग शेजारी ज्या घरात लहान मूल आहे तिथे जाऊन त्यांचेही दार पाहा. त्या घरातली आई कामावर असेल तर आजीला दाखवा.

ज्या मुलीची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिच्या घरच्या मोरीपाशी आता खिळ्याला चपलेचा निळा तुकडा लटकलेला असतो. तो तिच्या आईनेच कापला. आमच्याबरोबर ती आता इतर घरांची दारे पाहायला येते. तिची नजर आधी चौकटीच्या खालच्या भागावर जाते.