काळ, क्रियापद आणि 'आज रोख, उद्या उधार'



काळाविषयी काही गंभीर वाचायला घेतलं, की केंब्रिजचे तत्त्वज्ञ जॉन मॅक्टॅगार्ट यांचा निबंध आडवा येतोच. १९०८ साली तो 'माइंड' या त्रैमासिकात आला. निकाल शीर्षकातच: काळ खरा नाही. निबंध अवघड आहे, पण नेमका कुठे अवघड आहे हे आधी कळलं तर निम्मं काम झालं.

मॅक्टॅगार्ट म्हणतात, घटना आपण दोन तऱ्हांनी लावतो. पहिली, आधी आणि नंतर. शिवराज्याभिषेक १६७४चा, पानिपतची तिसरी लढाई १७६१ची. हा क्रम कधीच बदलत नाही. दुसरी, भूत-वर्तमान-भविष्य. ही सारखी सरकत असते. मुलांना फरक दाखवायला वाण्याच्या दुकानातली पाटी पुरते: 'आज रोख, उद्या उधार'. पाटीवर तारीख नाही, म्हणून ती कधी जुनी होत नाही आणि उधारी कधी मिळत नाही. तारीख घाला, गंमत संपली! आपला 'परवा'ही तसाच. मागचा की पुढचा, हे 'परवा पेपर झाला' किंवा 'परवा पेपर आहे' यातलं क्रियापदच सांगतं.

इथवर वर्ग हसत येतो. पुढची पायरी सावकाश घ्या. बदलाशिवाय काळ नाही, आणि खरा बदल फक्त दुसऱ्या तऱ्हेत. पण तिथे प्रत्येक घटना भविष्यही असते, वर्तमानही आणि भूतही. हे तिन्ही एकत्र नांदणार कसे? आपण लगेच म्हणतो, "एकाच वेळी कुठे? आधी भविष्य होती, आता वर्तमान आहे, मग भूत होईल." मॅक्टॅगार्ट इथेच पकडतात. 'होती, आहे, होईल' म्हणताना ज्याचा उलगडा करायचा तोच काळ तुम्ही पुन्हा वापरलात की! निबंधातला हा एक परिच्छेद दोनदा वाचावाच लागतो.

मग भूत-वर्तमान ही नुसती बोलण्याची सोय मानायची का? माझं मन तरी तयार होत नाही. न्यूझीलंडचे आर्थर प्रायर यांनी १९५९ साली यावर बिनतोड मुद्दा काढला. शेवटचा पेपर देऊन मूल म्हणतं, "सुटलो एकदाचा!" हा आनंद पेपर अमुक तारखेला संपतो याचा नसतो, ती तारीख त्याला महिन्याभरापूर्वीही पाठ होती. तो *आता* संपला, याचा असतो.

वर्गात एक करून बघा. कालच्या दिवसावर पाच वाक्यं लिहायला सांगा. मग तीच काल-आज-आता न वापरता, फक्त तारखा आणि आधी-नंतर ठेवून. '१२ मार्चला पेपर' असं क्रियापदाशिवाय मराठीत चालतं, त्यामुळे सुरुवात सोपी जाते. पेन जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवू द्या आणि दुसऱ्या दिवशी चर्चा त्या खुणांवरच घ्या.