सबवूफरचा चिरलेला शंकू कसा सांधावा?



गणेशोत्सवात राजवाड्यापाशी ढोल वाजू लागले की त्यांची धडधड छातीत जाणवते. असाच खर्जातला आवाज स्पीकरमधून काढण्याचे काम सबवूफर करतो. तो फरफर करू लागला की आपण त्याला भंगारात काढतो. पुष्कळदा दोष एवढाच असतो, की त्याच्या कागदी शंकूला चीर पडलेली असते.

चीर का पडते? शंकूच्या मुळाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वीज मिळताच ते लोहचुंबकाच्या फटीत पुढेमागे हलते आणि शंकू हवा ढकलतो. स्वर जितका खालचा, तितकी ही हालचाल मोठी. 80 ऐवजी 40 हर्ट्‌झचा स्वर तेवढ्याच जोराने वाजवायचा तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. आवाज फार वाढवला की ओलीने मऊ झालेला वा जुना कागद फाटतो.

दुरुस्ती अशी करावी :

1. वीज बंद करून मोठ्यांच्या मदतीने स्पीकर पेटीबाहेर काढा.

2. दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू सर्व बाजूंनी सारखा, अलगद दाबा. खरखर ऐकू आली तर वेटोळे घासत आहे. तेथे ठिगळाचा उपयोग नाही. स्पीकर कारागिराकडे न्या.

3. मऊ ब्रशने धूळ झाडा. पतंगाच्या पातळ कागदाची पट्टी हाताने फाडा. चिरेच्या दोन्ही बाजूंना ती अर्धा सेंटिमीटर पुरली पाहिजे.

4. फेविकॉलमध्ये थोडे पाणी मिसळून पातळ थर लावा, चिरेच्या कडा जुळवा व पट्टी पुढून आणि मागून चिकटवा. 24 तास वाळू द्या.

बाहेरची रबरी कडा फाटली असेल तर फेविकॉल नको. तेथे लवचीक रबरी गोंद हवा. प्लास्टिकच्या शंकूवरही फेविकॉल टिकत नाही.

मजबुतीसाठी जाड ठिगळ लावण्याचा मोह टाळा. शंकू जड झाला की आवाज दबतो, आणि एकच बाजू जड झाली तर वेटोळे तिरके होऊन घासू लागते. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आहेत, वरचे चार लाकडी. जागेला पेलेल तेच साहित्य वापरावे, हे येथेही खरे.

जोडल्यावर आवाज हळूहळू वाढवा. पूर्वीइतकाच मोठा ठेवलात तर शेजारीच नवी चीर पडेल.