शाळा सोडली की सुटली?

रोज सायंकाळी घंटा होते आणि शाळा सुटते. त्या शब्दात केवढा आनंद साठवलेला असतो, हे विद्यार्थ्यांना सांगावयास नको. परंतु हाच शब्द आपल्या गावोगावी आणखी एका अर्थाने ऐकू येतो. 'त्याची शाळा सुटली हो,' असे कोणी म्हणाले की, तो मुलगा आता दुसऱ्या दिवशी परत यावयाचा नाही, हे ऐकणाऱ्यास कळून चुकते. अशा मुलाच्या नावे जो कागद निघतो त्यास मात्र आपण 'शाळा सोडल्याचा दाखला' म्हणतो. सोडणे आणि सुटणे या दोन क्रियापदांत मोठेच अंतर आहे. सोडणारा विचार करतो, ठरवतो आणि मग सोडतो. सुटणाऱ्या वस्तूला मात्र कोणी ठरवून सोडलेले नसते. पकड ढिली होत जाते आणि एका क्षणी दोर हातातून निसटतो. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील चौदा ते सोळा वर्षांची जी मुले नववी-दहावीच्या वर्गातून नाहीशी होतात, ती शाळा सोडतात की त्यांची शाळा सुटते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या वर्गात एक विद्यार्थी होता. वाचन बरे, अक्षर वळणदार, गणितात मात्र कच्चा. दिवाळी आली. आपल्या राज्यात दसऱ्याला मोठी सुट्टी असते आणि दिवाळीला जेमतेम एक दिवस मिळतो. मराठी घरांत मात्र दिवाळी हाच मोठा सण. तो मुलगा आईबरोबर पैनगंगेपलीकडे मामाच्या गावी गेला. परत आला तेव्हा शेतात बोंडे फुटली होती आणि मजूर मिळत नव्हते. तीन आठवडे त्याने कापूस वेचला. मग तो वर्गात आला. बीजगणिताचे दोन धडे पुढे गेले होते. दोन दिवस तो मागच्या बाकावर गप्प बसला आणि तिसऱ्या दिवसापासून आलाच नाही. माघ महिन्यात आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा वडील म्हणाले, ''मास्तर, आता तोच नको म्हणतो.'' त्या तीन आठवड्यांत हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करण्याचे काम आम्ही बिनचूक केले होते. तो का येत नाही, हे विचारण्याचे काम मात्र आम्ही केले नव्हते.

या एका उदाहरणात बहुतेक सारी कारणे दडलेली आहेत. ती आता एकेक करून पाहू.

पहिले कारण शेतीच्या कामाचे. आपला जिल्हा कापसाचा. मृगाच्या पावसावर पेरणी, मग निंदणी आणि डवरणी, आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन संक्रांतीपलीकडे लांबणारी वेचणी. वेचणी हाताने होते आणि मजुरी वजनावर मिळते. म्हणून घरातील प्रत्येक हात मोलाचा ठरतो. शाळेचे वर्षही जूनमध्येच सुरू होते आणि मार्चमध्ये दहावीची परीक्षा येते. अभ्यासाचा ऐन भर आणि वेचणीचा ऐन भर असे एकाच काळात येतात. आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. झाडावर फुटलेला कापूस थांबत नाही, आणि सावकाराचे किंवा बँकेचे कर्जही थांबत नाही. मुलाने आठ दिवस मदत केल्याने त्याची शाळा सुटत नाही. आठ दिवसांचे चोवीस दिवस होतात आणि मधल्या काळात राहिलेला अभ्यास भरून काढण्याची सोय नसते, तेव्हा ती सुटू लागते.

दुसरे कारण भाषेचे आणि त्याला इतिहास आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात दुय्यम शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उच्च शिक्षण उर्दूतूनच दिले जाई. घरी मराठी, तेलुगू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पुढे शिकावयाचे तर परक्या भाषेचा उंबरा ओलांडावा लागे. गोंड समाजाच्या बाबतीत या अडचणीवर एक उपाय आपल्याच मुलखात योजण्यात आला. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले आणि गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. मूल जी भाषा घरून घेऊन येते तिच्यातच पहिले अक्षर शिकवावे, हे त्यामागचे तत्त्व होते.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. आपल्या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आज ते महाराष्ट्रात आहेत. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला, २ जून २०१४ पासून तेलंगणात आला आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे चार जिल्हे झाले. नकाशावरील रेषा अशा हलल्या, तरी बेला, जैनद यांसारख्या पैनगंगेकाठच्या भागांतील घरांची भाषा मराठीच राहिली. १९५६ मध्येच संविधानात ३५० 'अ' हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय असावी, असे ते सांगते. 'प्राथमिक टप्प्यावर' हे शब्द मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहेत. मराठी माध्यमातून दहावी होणाऱ्या मुलापुढे प्रश्न उभा राहतो की, पुढे काय? इंटरचे शिक्षण बहुधा तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमातून घ्यावे लागते. नाहीतर नदी ओलांडून महाराष्ट्रात जावे लागते. पुढची पायरी दिसत नसली की चालणाऱ्याचे पाय आधीच मंदावतात. नववीतल्या मुलाने 'दहावी होऊन तरी काय करू?' असे विचारले, तर तो आळशी आहे असे समजू नये. त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर मिळाले पाहिजे.

तिसरे कारण कायद्याच्या मर्यादेचे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. केंद्राच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा एका किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. नववीच्या वर्गाला असे हमीचे अंतर नाही. म्हणजे ज्या वयात मुलाचा हात कामाला येतो, नेमक्या त्याच वयात कायद्याचा हात सुटतो आणि शाळेची वाटही लांब होते. शिवाय मूळ कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणास नापास करता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षेबाबतचा निर्णय राज्यांवर सोपवला. नापास न करणे ही गोष्ट वाईट नाही. परंतु मागे पडलेल्या मुलाला वेळीच हात दिला गेला नाही, तर त्याचा कच्चा पाया नववीत एकदम उघडा पडतो. आजवर आपण सर्वांबरोबर चालत होतो अशी त्याची समजूत असते आणि एका चाचणीत ती मोडते. त्या वयातील मुलाला उपाशी राहणे एक वेळ चालते, पण वर्गापुढे लाज वाटलेली चालत नाही.

चौथे कारण विशेषतः मुलींचे. धाकटी भावंडे सांभाळणे, पाणी भरणे, आई शेतात गेली की चूल पाहणे ही कामे मुलीकडे न विचारता येतात. शाळा दूर असली की वाटेची काळजी वाटते. आणि घरात स्थळाची बोलणी सुरू झाली की पुस्तके फळीवर जातात. २००६ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करता येत नाही. तेलंगणा शासनाची कल्याणलक्ष्मी योजनाही वधूने अठरा वर्षे पूर्ण केली असतील तरच लागू होते. तथापि कायदा लग्न थांबवील. पंधराव्या वर्षी घरी बसवलेल्या मुलीला तो वर्गात आणून बसवीत नाही. ते काम घराचे आहे. दहावी झालेली आई पुढे स्वतःच्या मुलांची पहिली शिक्षिका होते, एवढा हिशेब प्रत्येक घराने मांडून पाहावा.

हा प्रश्न आजचा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शेतकऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणाचा लाभ शेतकऱ्याच्याच मुलाला होत नाही, हे त्यांचे दुःख होते. १९२९ च्या हार्टोग समितीने दोन रोग स्पष्टपणे मांडले. शिक्षण पुरे होण्याआधीच मूल शाळेबाहेर जाते, ती गळती. आणि एकाच वर्गात ते वर्षानुवर्षे अडकून पडते, ते स्थगन. दुसऱ्या रोगातून पुष्कळदा पहिला उद्भवतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. भाऊरावांनी गरीब मुलाला 'शिक्षणाचे महत्त्व' यावर व्याख्यान दिले नाही. त्याला राहावयास जागा दिली, जेवण दिले आणि कामाची लाज वाटू दिली नाही. मुले काम करीत आणि शिकत. कामामुळे शिक्षण सुटते असे जग म्हणत असता, दोन्हींची सांगड घालता येते हे त्यांनी करून दाखविले. त्यांच्या उदाहरणातून एवढे घ्यावे की, मुलाला रागावण्यापूर्वी त्याची अडचण कोणती ते पाहावे आणि तेवढीच नेमकी दूर करावी.

आज अशा सोयी अनेक आहेत. त्या ठाऊक नसणे हीच पुष्कळदा अडचण असते. आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा आहेत, मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत. सरकारी आणि अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांहून अधिक नाही अशांपैकी निवड झालेल्यांना नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दहावीत एखाद्या विषयात नापास झालेल्यास पुरवणी परीक्षा देता येते. ज्याची शाळा खरोखरच सुटली असेल, त्याला चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर मुक्त शाळेतून दहावी करता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थानाच्या दहावीच्या माध्यमांत मराठीही आहे. एकदा दार लागले म्हणजे ते कायमचे लागले, ही समजूत मनातून काढून टाकली पाहिजे.

तथापि या साऱ्या सोयींहून अधिक परिणामकारक गोष्ट आपल्या हाताशी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. शाळा एका दिवसात सुटत नाही. पहिली गैरहजेरी आणि नाव कमी होणे यांच्यामध्ये काही आठवडे असतात. त्या आठवड्यांत कोणी घरी आले, राहिलेली वही कोणी दिली, 'तुझ्यावाचून बाक रिकामा आहे' असे कोणी म्हटले, तर पकड पुन्हा घट्ट होऊ शकते. त्या काळात कोणीच आले नाही, तर मूल एक निष्कर्ष काढते की, आपण गेलो तरी कोणास चुकल्यासारखे झाले नाही. तेथे शाळा सुटते. 'मला शिकायचे नाही' हे वाक्य त्यानंतरचे असते, आणि आपण मात्र तेच कारण म्हणून लिहून ठेवतो.

यास्तव पालकांना आमची विनंती आहे की, वेचणीसाठी मुलाला ठेवावेच लागले, तर किती दिवस ते आधी ठरवावे आणि शाळेस कळवावे. आम्ही शिक्षकांनी तीन दिवसांच्या गैरहजेरीनंतर चौकशी करावी आणि परतलेल्या मुलाला मागचा धडा समजावून देण्यासाठी वेळ राखून ठेवावा. ज्या विद्यार्थ्याची गोष्ट आरंभी सांगितली, त्याच्याकरिता आम्ही एवढे केले नाही, याची खंत आजही आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, सर्वांत सोपे काम तुमचे आहे. उद्या वर्गात गेल्यावर आपल्या बाकाकडे पाहा. शेजारची जागा किती दिवस रिकामी आहे, ते मोजा. संध्याकाळी शाळा सुटली की सरळ घरी न जाता त्या मित्राच्या अथवा मैत्रिणीच्या घरावरून जा, आणि बरोबर वही न्या.